बोट विकावी, ठेवावी की तशीच पडू द्यावी?

कोविड महामारीच्या निर्बंधांच्या काळातला वाचकाचा प्रश्न, थोडक्यात: साडेआठ मीटरची फायबरग्लासची मोटरबोट, आत बसवलेलं एक डिझेल इंजिन, वय १५ वर्षं. तीन वर्षांपूर्वी कर्ज काढून घेतली. महामारीच्या निर्बंधांमुळे मरीनात (बोटी ठेवायच्या बंदरात) जाणं महिनोन्‌महिने बंद, गेल्या १४ महिन्यांत बोट फक्त ५ वेळा बाहेर काढली. घरचं उत्पन्न एक तृतीयांशानं घटलं आहे. आत्ता विकावी, की हप्ता आणि धक्क्याचं भाडं तेवढं भरून बाकीचा सगळा खर्च वर्षभर थांबवावा?

नमस्कार,

तुम्ही खर्चाची वही जशीच्या तशी पाठवलीत, त्यामुळे नेमकं बोलता येतंय. हिशोब सोपा व्हावा म्हणून बोटीची खरेदी किंमत १०० धरली आहे आणि बाकीचे सगळे आकडे त्याच मापात आणले आहेत. तुमचं चित्र असं दिसतं: कर्ज शिल्लक ४०, व्याज ९ टक्के, हप्ते ४८, दर महिन्याला साधारण १. घरखर्च महिन्याला ५, उत्पन्न आधी ९ होतं, आता ६. आपत्कालीन निधी २०. घरखर्च आणि हप्ता मिळून ६ होतात, म्हणजे उत्पन्न तिथेच संपतं. बोटीचा चालू खर्च वर्षाला ११ आहे (धक्का ४, विमा १.६, बोट वर काढून तळाला रंग २, इंजिन सर्व्हिसिंग १, दुरुस्त्या २.४). हे ११ आज थेट निधीतून जात आहेत.

आधी तुमचा कल ज्या पर्यायाकडे आहे तो पाहू, कारण तिन्हींत तोच सर्वांत महाग आहे. धक्क्याचे ४ भरायचे आणि उरलेले ७ वाचवायचे, असं तुम्ही लिहिता. यातला विमा तर तुम्हाला थांबवताच येणार नाही. बोटकर्जाच्या करारात विमा चालू ठेवण्याची अट जवळपास नेहमी असते. तो खंडित झाला तर कर्जदाता थकबाकीसारखी कारवाई करू शकतो, आणि बहुतेक मरीनाही तृतीय पक्षाच्या विम्याशिवाय जागा देत नाहीत. शिवाय झीज, गंज आणि देखभालीअभावी झालेलं नुकसान विम्यात धरलं जात नाही. बोट बुडाली आणि सर्व्हेअरला (बोट तपासणाऱ्या तज्ज्ञाला) सडलेली नळी किंवा गळकं सील सापडलं, तर दावा अडकतो.

राहिले सुमारे साडेपाच. ते वाचवताना बोटीत काय होतं ते बघा. पाण्यात उभी बोट चालत्या बोटीपेक्षा लवकर खराब होते. तळाचा शेवाळरोधक रंग बोट हलत राहील या हिशोबानं बनवलेला असतो. उभ्या बोटीवर काही आठवड्यांत चिकट थर आणि मग शंख-शिंपले बसतात, बोट पुढे ढकलणाऱ्या पंख्यावर आणि पाणी आत घेणाऱ्या जाळीवरही. किनाऱ्याच्या विजेची तार जोडून ठेवली असेल, तर अर्थिंगच्या तारेतून तुमची बोट शेजारच्या बोटींशी विद्युतदृष्ट्या जोडली जाते आणि झिंकचे ॲनोड (बाकीच्या धातूऐवजी स्वतः झिजणारे तुकडे) भराभर खपतात. ॲनोड संपला की पंख्याचा आणि त्याच्या दांड्याचा (शाफ्टचा) धातू झिजायला लागतो. डिझेलच्या अर्धवट टाकीत दमट हवेतलं पाणी तळाशी साठतं, पाणी आणि डिझेल जिथे भेटतात तिथे जंतू वाढतात, आणि त्यांचा काळा गाळ पहिल्याच फेरीत फिल्टर तुंबवतो. पाण्याच्या पंपातल्या रबरी इम्पेलरची (पाणी ढकलणाऱ्या चाकाची) पाती एकाच जागी वाकून कडक होतात, मग तुटतात आणि तुकडे हीट एक्स्चेंजरमध्ये, म्हणजे इंजिनची उष्णता पाण्याला देणाऱ्या भागात, अडकतात. इंजिन तापण्याचं हे अगदी नेहमीचं कारण आहे. यातली प्रत्येक गोष्ट वेळेत स्वस्त आणि उशिरा महाग आहे. इंजिनच गेलं, तर या वयाच्या बोटीत नवं बसवायला तिच्या आजच्या किमतीचा चौथा हिस्सा सहज लागतो. साडेपाच वाचवण्यासाठी वीसचा धोका पत्करावा असं मला वाटत नाही.

आता विक्री. दलालानं ८२ चा अंदाज दिला आहे. त्यातून ८ टक्के दलाली म्हणजे सुमारे ६.५, साफसफाई आणि किरकोळ कामं २, कर्ज मुदतीआधी फेडण्याचा आकार २ टक्के म्हणजे ०.८, आणि कर्ज ४० वजा करा. हाती ३२ ते ३३ येतात. निधी २० वरून ५२ वर जातो, म्हणजे दहा महिन्यांचा घरखर्च, आणि दर महिन्याला हप्त्याचा १ मोकळा होतो. तुमच्या परिस्थितीत हा फार मोठा फरक आहे. "आतापर्यंत इतके पैसे घातले" हे वाक्य तुमच्या पत्रात तीनदा आलं आहे. ते पैसे विकलं तरी गेलेलेच आहेत आणि ठेवलं तरी, म्हणून वरच्या हिशोबात त्यांना जागा नाही.

वापराचाही हिशोब करू. चालू खर्च ११, पहिल्या वर्षाचं व्याज सुमारे ३, किमतीतली घसरण ४ (जुनी बोट नव्यापेक्षा सावकाश घसरते) मिळून १८. तुमच्या मरीनात तशाच बोटीचं दिवसाचं भाडं ०.५ आहे. १८ भागिले ०.५ म्हणजे ३६ दिवस. वर्षात ३६ पेक्षा कमी दिवस बोट बाहेर निघणार असेल, तर भाड्याची बोट स्वस्त पडते. निर्बंधांच्या आधीच्या वर्षी तुम्ही २५ दिवस गेला होतात. विक्रीतून येणाऱ्या ३२ वर ठेवीचं व्याज मिळालं असतं, ते यात धरलेलंच नाही.

म्हणून माझं मत विक्रीकडे झुकतं. पण आजच, पाण्यातच, मिळेल त्या भावात नको. येणं-जाणं बंद असताना खरेदीदार बोट बघू शकत नाही, सर्व्हे (तज्ज्ञाची तपासणी) होत नाही, पाण्यातली चाचणी होत नाही. न बघता घेणारा त्या अनिश्चिततेची किंमत कापून घेतो. दुसरीकडे, २०२० मध्ये निर्बंध सैल झाल्यावर मोकळ्या हवेतल्या छंदांकडे लोक वळले आणि लहान बोटींची मागणी अनेक देशांत वाढली. त्या भरात घेतलेल्या बोटी दोन-तीन वर्षांनी पुन्हा बाजारात येतील असा माझा कयास आहे. तेव्हा वाट बघायची ती महिन्यांची, वर्षांची नाही.

तोवर बोट किनाऱ्यावर काढा. तुमच्याच मरीनाच्या दरपत्रकाप्रमाणे वर्षाचा खर्च असा होतो: कोरड्या जागेचं भाडं २.४, क्रेननं वर काढणं आणि परत सोडणं १.२, 'उभी बोट' प्रकारातला विमा १, इंजिन दीर्घकाळ बंद ठेवण्याच्या तयारीचं काम आणि सामान ०.८, किरकोळ ०.६. एकूण ६. म्हणजे ११ च्या जागी ६, आणि हे ६ तुम्ही बोट विकलीत तरी उपयोगी आणि ठेवलीत तरी उपयोगी. फायबरग्लासच्या तळात किती ओल मुरली आहे हे मीटरनं मोजायला बोट काही आठवडे कोरडी असावी लागते. पाण्यातून नुकत्याच काढलेल्या बोटीचं वाचन विनाकारण चढं येतं आणि खरेदीदार घाबरतो. किनाऱ्यावर उभी बोट सर्व्हेला आयती तयार असते.

मरीनात जायची परवानगी मिळेल त्या दिवशी कामांचा क्रम मोडू नका. बोट पाण्यात असतानाच थंड इंजिन सुरू करण्याचा सलग व्हिडिओ काढा: सुरू होताना धूर, गरम झाल्यावर तापमान, तेलाचा दाब आणि पूर्ण वेगावर इंजिनचे मिनिटाला होणारे फेरे. किनाऱ्यावर ही चाचणी होणार नाही, आणि खरेदीदार पहिलं तेच मागेल. टाकी ९५ टक्के भरा, उरलेली जागा उष्णतेनं डिझेल प्रसरण पावण्यासाठी. जंतुनाशक बाटलीवरच्या मात्रेनं टाका आणि इंजिन १५ मिनिटं चालवा, म्हणजे ते फिल्टर आणि पंपापर्यंत पोचेल. तेल गरम असतानाच काढून नवं भरा, फिल्टरही बदला. वापरलेल्या तेलात आम्ल आणि ओलावा असतो, तो महिनोन्‌महिने बेअरिंगला लागून राहू नये. वॉटर सेपरेटरच्या (डिझेलमधलं पाणी वेगळं करणाऱ्या भांड्याच्या) तळातलं पाणी काढून टाका.

क्रेननं बोट वर येताच, तळ ओला असतानाच, दाबाच्या पाण्यानं धुऊन घ्या. वाळल्यावर तोच थर खरवडावा लागतो. तळाला नवा रंग आत्ता देऊ नका, तो पाण्यात सोडायच्या आधी. बोटीचं वजन कण्याखालच्या ठोकळ्यांवर आलं पाहिजे. बाजूचे टेकू फक्त कलंडू नये म्हणून असतात. दोन्ही बाजूंना तीन-तीन टेकू, समोरासमोरची जोडी साखळीनं बांधलेली, आणि जमीन मऊ असेल तर पायाखाली जाड प्लायवूड. ताडपत्रीची दोरी टेकूला कधीही बांधू नका, वाऱ्यानं ताडपत्री फुगली की टेकूच ओढला जातो. तळाचं बूच काढून ठेवा आणि ते किल्लीसोबत जपा. पावसाचं पाणी आत साठून किनाऱ्यावरच्या बोटींची इंजिनं बुडतात, हे ऐकायला विचित्र वाटलं तरी घडतं.

मग इंजिन थंड ठेवणारं पाणी ज्या वाटेनं फिरतं ती वाट गोड्या पाण्यानं धुवा. पाणी गोठतं अशा हवामानात प्रोपिलीन ग्लायकॉलचं अँटिफ्रीझ सोडा; इथिलीन ग्लायकॉल विषारी असतं, ते पाण्यात जाता कामा नये. इम्पेलर काढून पिशवीत घाला आणि ती पिशवी इंजिनच्या किल्लीलाच बांधा, म्हणजे कुणी पंप कोरडा चालवणार नाही. बॅटऱ्या पूर्ण चार्ज करून तारा सोडवा. विश्रांतीतली भरलेली लेड-ॲसिड बॅटरी सुमारे १२.७ व्होल्ट दाखवते, १२.४ च्या खाली गेली की लगेच चार्ज करा, नाहीतर पत्र्यांवर सल्फेट बसून तिची क्षमता कायमची घटते. गॅस सिलिंडरचा व्हॉल्व्ह बंद, गाद्या उभ्या, कपाटांची दारं उघडी, हवा खेळती. इशाऱ्याचे फ्लेअर आणि लाइफ राफ्टच्या मुदती लिहून ठेवा. फ्लेअरची मुदत साधारण ३ वर्षांची असते आणि महामारीत ती पुष्कळांची नकळत उलटली आहे.

क्रेनचे कामगारच येत नसतील आणि बोट पाण्यातच ठेवावी लागली, तर मरीनाशी लेखी ठरवा: आठवड्यातून एकदा पाहणी, दर वेळी दोरांचा आणि बिल्जचा (बोटीच्या आत तळाशी पाणी साठतं त्या जागेचा) फोटो. दोर दुप्पट करा, घासतात तिथे नळीचं आवरण घाला. कॉकपिटच्या (बसून बोट चालवायच्या उघड्या जागेच्या) निचऱ्याचे सोडून तळाचे सगळे व्हॉल्व्ह बंद. बिल्ज पंपाचा भरवसा मात्र मोजून धरा. १०० अँपिअर-अवरच्या बॅटरीतले सुरक्षितपणे वापरता येतात ५०. पंप ४ अँपिअर खात असेल तर सलग साडेबारा तास. किनाऱ्याची वीज शुक्रवारी रात्री गेली आणि गळती मोठी असली, तर सोमवारपर्यंत तो पुरत नाही.

कर्जाचे हप्ते पुढे ढकलण्याची सवलत मिळते आहे, ती घ्यावी का, असंही विचारलं आहे. सहा महिने थांबवलेत तर व्याज मुद्दलात मिसळून ४० चे ४१.८ होतात, आणि हप्ता तोच ठेवला तर ४८ च्या जागी जवळपास ५१ हप्ते पडतात. निधी १२ च्या खाली जाणार असेल तरच घ्या. त्याआधी मरीनाला विचारा: जितके दिवस प्रवेश बंद होता तितक्या भाड्याची सूट कोरड्या जागेच्या भाड्यात वळती करून देता का? रोख परताव्यापेक्षा ही मागणी मान्य होण्याची शक्यता जास्त असते. विमा कंपनीला बोट वर काढल्याची तारीख आणि जागा लेखी कळवा आणि उत्तर येईपर्यंत जुनंच कवच चालू ठेवा. दुसऱ्या कुटुंबाबरोबर भागीदारीचा विचार उत्पन्न सावरेपर्यंत नको. कर्ज असलेल्या बोटीत भागीदार घ्यायला कर्जदात्याची संमती लागते.

सहा महिन्यांची तारीख आजच कॅलेंडरवर टाका. तोवर हप्ते नियमित भरलेत तर कर्ज सुमारे ३५.७ वर येईल, आणि किनाऱ्यावरच्या खर्चानंतर निधी साधारण १७ असेल. त्या दिवशी उत्पन्न पुन्हा निदान ८ वर आलेलं असेल, घटलेला निधी ३० पर्यंत नेण्याचा रस्ता दिसत असेल आणि घरातल्या सगळ्यांना पुढच्या वर्षी ३६ दिवस पाण्यावर जायचं असेल, तर बोट ठेवा. तिन्हींपैकी एक जरी नसेल तर ८६ ची जाहिरात द्या आणि ७८ च्या खाली उतरू नका. ७८ ला गेली तरी दलाली, कामं आणि कर्ज वजा जाता हाती ३३ च्या आसपास उरतात. बयाणा १० टक्के, सर्व्हे समाधानकारक असण्याच्या अटीवर. कर्जदात्याकडून फेडीच्या रकमेचं पत्र आधीच मागवून ठेवा, कारण सौदा ठरल्यावर सगळ्यात जास्त दिवस त्याच कागदासाठी जातात.