अंधार ‘फिटतो’ की ‘मिटतो’?

कोल्हापुरातील एका वाचक भगिनींच्या गायनवर्गासाठी रचलेल्या नव्या गीतात ‘मनातला अंधार फिटू दे’ अशी ओळ आहे. फिटते ते कर्ज, तेव्हा येथे ‘मिटू दे’ असेच हवे, असा वर्गातील एका ज्येष्ठ सदस्यांचा आग्रह असून, यांतले योग्य काय, असे त्यांनी विचारले आहे.

‘फिटू दे’ योग्यच आहे. कर्ज फिटते, तशी नेसत्या लुगड्याची निरी फिटते, मनातला संशय फिटतो, आईबापांचे पांग फिटतात आणि डोळ्यांचे पारणेही फिटते. जे गुंडाळलेले, अडकलेले किंवा मानेवर बसलेले होते ते सुटून माणूस मोकळा होणे, हा धागा या साऱ्या प्रयोगांत दिसतो. अंधार दाटतो, कंठही दाटतो. अशा दाटलेल्या अंधाराचे सुटणे ‘फिटणे’ या क्रियापदात नेमके उतरते. उलट मराठीत डोळे मिटतात, पाकळ्या मिटतात, फार तर भाऊबंदकीतला वाद मिटतो. ‘अंधार मिटला’ मधला नाहीसे होण्याचा अर्थ मला तरी हिंदीतल्या ‘मिटना’कडून आलेला वाटतो, आणि मिटण्याबरोबर आपल्या मनात डोळे मिटल्याचे चित्र उभे राहते, जे या ओळीला मुळीच परवडणारे नाही.

बोलताना आपण ‘अंधार फिटला’ असे क्वचितच म्हणतो, हेही खरे. कोल्हापूरच्या आसपास ‘तांबडं फुटलं’ म्हणतील, ‘फटफटलं’ म्हणतील, म्हणजे उजेड आल्याची वर्दी देतील. गीतातला दुःखी माणूस मात्र उजेडापेक्षा आधी आपल्याभोवतीचे आवळलेपण सुटण्याची वाट पाहतो, म्हणून त्याला हे क्रियापद जवळचे वाटत असावे.

‘फिटणे’चे प्रयोजक रूप ‘फेडणे’. नवस फेडायला आपण जोतिबाच्या डोंगरावर जातो, तेव्हा फेडणारे आपणच असतो. 1290 साली सिद्ध झालेल्या ज्ञानेश्वरीच्या चौथ्या अध्यायात श्रीकृष्ण म्हणतात, ‘मी अविवेकाची काजळी । फेडूनि विवेकदीप उजळीं’. दिव्यावर धरलेली काजळी काढायला तेथे कर्ता समर्थ आहे, आणि तो स्वतः ‘मी’ म्हणून बोलतो आहे. खचलेल्या माणसाजवळ ते बळ नसते. ‘मी अंधार फेडीन’ असे त्याच्या तोंडी घातले, तर निराशेचे गीत एकदम वीरगीत होईल. ‘फिटू दे’ मध्ये करण्याचा दावा नाही, होऊ देण्याची विनवणी आहे, आणि माझ्या मते ओळीचा सारा जीव तेवढ्यात आहे.

चालीचा प्रश्न उद्भवतच नाही, कारण ‘फिटू दे’ आणि ‘मिटू दे’ या दोहोंच्या मात्रा सारख्याच, पाच आहेत.