पूर्वीचा मतदार अधिक जाणता होता का?

प्रश्न : पूर्वी लोक तासन्‌तास भाषणे ऐकत, वर्तमानपत्र पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचत आणि विचारपूर्वक मत देत; आज हातात मोबाइल असूनही मतदाराला उमेदवाराबद्दल काही ठाऊक नसते, असे वडीलधारी मंडळी नेहमी म्हणतात. यात तथ्य किती?

उत्तर : अशा विधानाची शहानिशा करायची तर जुन्या मतदारांच्या पाहण्या हाताशी हव्यात. त्या सर्वाधिक प्रमाणात अमेरिकेत झालेल्या असल्यामुळे पुरावाही मुख्यतः तेथूनच घ्यावा लागतो. मायकेल डेली कार्पिनी आणि स्कॉट कीटर या अभ्यासकांनी १९४० व १९५० च्या दशकांतील जनमत चाचण्यांमधले काही प्रश्न १९८९ मध्ये पुन्हा विचारले, तेव्हा लोकांच्या राजकीय माहितीची सर्वसाधारण पातळी जवळपास पूर्वीइतकीच आढळली. पुढे २००७ मध्ये प्यू संशोधन केंद्र या अमेरिकेतील जनमत पाहणी करणाऱ्या संस्थेने १९८९ च्या आकड्यांशी तुलना केली. उपराष्ट्राध्यक्षांचे नाव सांगू शकणाऱ्यांचे प्रमाण ७४ टक्क्यांवरून ६९ टक्क्यांवर आले होते, तर प्रतिनिधिगृहात, म्हणजे अमेरिकी संसदेच्या कनिष्ठ सभागृहात, बहुमत कोणत्या पक्षाचे आहे हे ठाऊक असणाऱ्यांचे प्रमाण ६८ वरून ७६ टक्क्यांवर गेले होते. म्हणजे ऱ्हास झाला, हे म्हणणे टिकत नाही. तरीही हे आकडे मला दिलासा देत नाहीत, कारण मधल्या काळात शिक्षण कितीतरी पसरले, दूरचित्रवाणी घरोघर पोहोचली, चोवीस तासांच्या वृत्तवाहिन्या आणि इंटरनेट आले, आणि एवढे सगळे हाताशी येऊनही मतदाराची माहिती होती तेथेच राहिली.

गतकाळाच्या गौरवासाठी नेहमी दिले जाणारे उदाहरण म्हणजे १८५८ मध्ये इलिनॉय राज्यात अब्राहम लिंकन आणि स्टीफन डग्लस यांच्यात झालेले सात वादविवाद. पहिला वक्ता एक तास बोले, दुसरा दीड तास उत्तर देई आणि मग पहिल्याला पुन्हा अर्धा तास मिळे. गुलामगिरीसारख्या प्रश्नावरचा हा तीन तासांचा युक्तिवाद हजारो लोक ताटकळत ऐकत. त्या श्रोत्यांबद्दल मला मनापासून आदर वाटतो. परंतु तेथे स्त्रियांना आणि कृष्णवर्णीयांना मताधिकार नव्हता, आणि सिनेटच्या, म्हणजे संसदेच्या वरिष्ठ सभागृहाच्या, ज्या जागेसाठी हा वाद चालला होता तिचा निर्णयही थेट मतदार नव्हे, तर राज्याचे विधिमंडळ करणार होते. ‘पूर्वीचा सुजाण मतदार’ म्हणताना आपण बहुधा बोलणाऱ्या, लिहिणाऱ्या आणि वाचणाऱ्या थोड्या लोकांचे चित्र डोळ्यांसमोर आणतो. उरलेल्यांना काय ठाऊक होते हे कोणी विचारलेच नव्हते.

मग बदलले काय? माझ्या मते, जाणकार आणि अनभिज्ञ यांच्यामधले अंतर. मार्कस प्रायर या राज्यशास्त्रज्ञाने २००७ मध्ये मांडलेला मुद्दा येथे मोलाचा आहे. दूरचित्रवाणीच्या मोजक्याच वाहिन्या होत्या तेव्हा संध्याकाळी त्या सर्वांवर साधारण एकाच वेळी बातम्या लागत. राजकारणात काडीचाही रस नसलेला माणूस केवळ संच चालू आहे म्हणून त्या ऐके आणि कळत नकळत चार गोष्टी त्याच्या कानावर पडत. केबल आणि नंतर इंटरनेट आल्यावर त्याला मनोरंजनाकडे वळण्याची मुभा मिळाली आणि तो वळला, तर ज्याला राजकारणाची ओढ होती त्याला दिवसभर पुरेल एवढी सामग्री मिळाली. सरासरी तेवढीच राहिली तरी दोन टोके दूर गेली. माहिती मिळवणे इतके सोपे झालेले असताना तिच्यापासून पूर्णपणे दूर राहणेही तितकेच सोपे व्हावे, ही मला आजची खरी चिंतेची बाब वाटते.

प्रश्न : असे असेल, तर मतदानाआधी मतदारांची एखादी साधी ज्ञानचाचणी का घेऊ नये?

उत्तर : कारण ती घेऊन पाहिलेली आहे. अमेरिकेच्या दक्षिणेकडील राज्यांत मतदार नोंदणीच्या वेळी साक्षरता चाचणी घेतली जाई. राज्यघटनेतील कोणते कलम वाचायला द्यायचे आणि अर्जदाराने सांगितलेला अर्थ पटला की नाही, हे नोंदणी अधिकाऱ्याच्या मर्जीवर असे. गोऱ्या अर्जदाराला सोपे कलम आणि कृष्णवर्णीय अर्जदाराला किचकट कलम देऊन मतदार यादी हवी तशी राखता येई. १९६५ च्या मताधिकार कायद्याने या प्रकाराला मोठा पायबंद बसला. परीक्षा घेणारा आपल्या सोयीचाच मतदार निवडणार, याबद्दल माझ्या मनात तरी शंका नाही.

शिवाय पाठ केलेली माहिती म्हणजे निवडीची समज नव्हे. कॅलिफोर्नियात १९८८ मध्ये विमा सुधारणेवरचे पाच गुंतागुंतीचे प्रस्ताव एकाच वेळी थेट मतदारांपुढे मतदानाला आले होते. आर्थर लुपिया या राज्यशास्त्रज्ञाने त्या मतदारांचा अभ्यास केला, तेव्हा प्रस्तावांचा तपशील फारसा ठाऊक नसलेले, पण विमा कंपन्या कोणत्या बाजूला आहेत एवढे जाणणारे मतदार पुष्कळसे जाणकारांसारखेच मत देताना दिसले. अर्थात हा आडमार्ग तेव्हाच चालतो, जेव्हा कोणाचे हितसंबंध कोठे गुंतले आहेत हे उघड असते. प्रचाराचा पैसा कोणाचा, हे झाकलेले असेल तर मतदाराच्या हातचा तोही आधार जातो.

चाचणीऐवजी काय करावे, याचे नमुने आहेत. स्वित्झर्लंडमध्ये सार्वमताआधी मतदारांना सरकारी पुस्तिका पाठवली जाते आणि तीत प्रस्तावाच्या विरोधकांचे म्हणणेही छापलेले असते. अमेरिकेतील ओरेगॉन राज्याने २०१० मध्ये आणखी एक पाऊल टाकले : चिठ्ठ्या टाकाव्यात तसे यदृच्छेने निवडलेले वीसेक मतदार काही दिवस एकत्र बसून प्रस्ताव तपासत, दोन्ही बाजूंना आणि तज्ज्ञांना उलटसुलट प्रश्न विचारत, आणि त्यांना विश्वासार्ह वाटलेले मुद्दे इतर मतदारांसाठी अधिकृत पुस्तिकेत छापले जात. ज्यांना वेळ नाही किंवा रस नाही, त्यांच्यापर्यंतही त्यांच्यासारख्याच माणसांनी पारखलेली माहिती यामुळे पोहोचते.