टपालपेटी: पाकिटात घालू नका, उघडंच पाठवा

मागच्या अंकात चित्रकार्डांच्या देवाणघेवाणीवर दोन पानं लिहिली आणि तेव्हापासून प्रश्नांचा नुसता पाऊस पडतोय. गंमत म्हणजे निम्म्याहून जास्त प्रश्न व्हॉट्सअ‍ॅपवर आलेत. असो, पोस्टकार्डावर ज्यांनी विचारलं त्यांना अर्थातच आधी उत्तर.

मुलगी म्हणते बाबा तुम्ही पोस्टक्रॉसिंग सुरू करा, वेळ मस्त जाईल. पण अनोळखी परदेशी माणसाला घरचा पत्ता द्यायचा हे काही पटत नाही. हे नक्की चालतं कसं? (निवृत्त बँक कर्मचारी, सातारा)

काका, मुलगी बरोबर सांगतेय. पाउलो मागाल्याइश नावाच्या पोर्तुगालमधल्या एका विद्यार्थ्याने 14 जुलै 2005 ला ही साइट सुरू केली, आणि आजवर तिच्यातून सात कोटींच्या वर कार्डं पोचलीत. पद्धत सोपी आहे. तुम्ही साइटवर पत्ता मागायचा, ती तुम्हाला जगातल्या कुठल्यातरी सदस्याचा पत्ता आणि एक नंबर देते, भारतातलं कार्ड असेल तर नंबर आयएन या अक्षरांनी सुरू होतो, तो कार्डावर नीट वाचता येईल असा लिहायचा आणि कार्ड पेटीत टाकायचं. ते पोचलं की समोरचा माणूस तो नंबर साइटवर भरतो आणि मग तुमचा पत्ता तिसऱ्याच कुणाला तरी जातो. म्हणजे तुम्ही जर्मनीला पाठवलं तर उत्तर जर्मनीहून येणार नाही, कदाचित तैवानहून येईल, कदाचित फिनलंडहून. हीच मजा आहे, कोणाकडून काय येणार याचा पत्ताच नसतो आणि पोस्टमन दिसला की उगाच गेटपर्यंत जावंसं वाटतं. सुरुवातीला एकावेळी पाचच कार्डं वाटेत ठेवता येतात, पोचत गेली की आकडा वाढतो.

पत्त्याचं म्हणाल तर तो सगळ्या जगाला दिसत नाही, ज्याच्या वाट्याला तुम्ही येता त्यालाच दिसतो. आणि खरं सांगू का, तुम्ही बँकेत होता तेव्हा टेलिफोन डिरेक्टरीत अख्ख्या गावाचे पत्ते छापलेले असायचे, तेव्हा कुणाला काही वाटलं नाही. तरी मन धजत नसेल तर मुलीच्या ऑफिसचा पत्ता द्या.

परदेशातून आलेली कार्डं फार खराब होऊन येतात हो. चित्रावर शिक्के, खाली कसल्यातरी नारिंगी रेघा, कोपरे दुमडलेले. मी मैत्रिणींना सांगतेय की पाकिटात घालून पाठवा. बरोबर ना? (गृहिणी, डोंबिवली)

ताई, चुकीचं! अगदी चुकीचं, आणि हे मी जरा आवाज चढवूनच सांगतोय.

कोरं चित्र हवं असेल तर ते दुकानात मिळतं, त्यासाठी कुणाला त्रास द्यायची गरज नाही. देवाणघेवाणीत आपल्याला जे मिळतं ते चित्र अधिक प्रवास. आत्ता माझ्यासमोर एक जर्मनीचं कार्ड आहे, ल्युबेक शहराचा तो प्रसिद्ध दोन बुरुजांचा विटांचा दरवाजा. मागच्या बाजूला तळाशी तुम्ही म्हणता तशाच नारिंगी रेघा, त्या तिकडच्या सॉर्टिंग मशीनने मारलेल्या असतात, पत्ता मशीनला वाचता यावा म्हणून. तिकिटावर तिकडचा शिक्का. इकडे आल्यावर आपल्या पोस्टाने गोल काळा शिक्का नेमका चित्राच्या बाजूने डाव्या बुरुजाच्या टोकावर हाणलाय. पिनकोडचा शेवटचा आकडा पाठवणाऱ्या बाईंनी 1 सारखा 7 काढला होता, तो कुणीतरी निळ्या बॉलपेनने गोल करून दुरुस्त केलाय. म्हणजे वाटेत एका माणसाने ते हातात धरलं, वाचलं, डोकं चालवलं आणि योग्य पिशवीत टाकलं. पाकिटातून आलं असतं तर यातलं काही माझ्याकडे आलं असतं का? रिकामा बुरूज आला असता.

त्या पिनकोडची पण एक आपल्या अभिमानाची गोष्ट आहे. 15 ऑगस्ट 1972 ला तो सुरू झाला आणि तो बसवणारे टपाल खात्यातले अधिकारी श्रीराम भिकाजी वेलणकर, म्हणजे आपलेच, वर संस्कृतात कविता-नाटकं लिहिणारे. पहिला आकडा विभागाचा, शेवटचे तीन त्या पोस्ट ऑफिसचे. महाराष्ट्र आणि गोव्याचे सगळे पिन 4 ने सुरू होतात ते यामुळेच.

पाठवताना एवढं करा की काउंटरवर जाऊन खरी तिकिटं मागा, मशीनचं छापील लेबल नको म्हणावं, आणि शिक्का हाताने मारून द्या अशी विनंती करा. गर्दीच्या वेळी नको, दुपारी जा, बहुतेक ठिकाणी करून देतात. मोठ्या शहरांच्या हेड पोस्ट ऑफिसात फिलाटेलिक, म्हणजे तिकीटसंग्राहकांसाठीचा, काउंटर असतो तिथे रंगीत स्मारक तिकिटं मिळतात, ती लावलीत तर समोरचा माणूस खूश. अजून एक, तिकिटामागचा डिंक कधीकधी फक्त नावापुरता असतो, गम स्टिक जवळ ठेवा.

आमच्याकडे पावसाळ्यात चपलांना पण बुरशी येते, कार्डं कशी टिकवायची? लॅमिनेशन करून टाकू का? (शिक्षिका, चिपळूण)

लॅमिनेशन अजिबात नको, एकदा केलं की ते सुटत नाही आणि आत दमट हवा अडकली तर आतल्या आत डाग पडतात. सेलोटेप नको, फेविकॉल नको. वास येणारे मऊ प्लॅस्टिकचे जुने अल्बम असतात ना, ते पीव्हीसीचे, ते कार्डाला चिकटतात आणि चित्र उचलतात. पॉलिप्रॉपिलीनचे पारदर्शक कप्पे घ्या, नाहीतर सरळ बुटांच्या खोक्यात उभी लावून ठेवा, मध्ये सिलिका जेलच्या पुड्या टाका आणि खोकं भिंतीला टेकून किंवा जमिनीवर ठेवू नका. दसऱ्याच्या सुमारास एक दिवस सगळी बाहेर काढून पंख्याखाली पसरायची, उन्हात नाही, उन्हाने रंग उडतात. तेवढ्यात परत वाचून पण होतात.

आजोबांच्या ट्रंकेत जुनी कार्डं सापडली, देवीदेवतांची चित्रं, काही मुंबईची. तिकिटं सोडवून वेगळी ठेवू का? किती जुनी आहेत ते कसं कळेल? (इंजिनिअर, नागपूर)

थांबा! तिकीट सोडवू नका. हात जोडतो. कार्ड, तिकीट, शिक्का आणि मजकूर हे चारही एकत्र आहेत म्हणून त्याला अर्थ आहे.

आता वय कसं काढायचं. शिक्क्यावरची तारीख वाचता आली तर प्रश्नच मिटला, भिंग घ्या आणि तिरप्या उजेडात बघा. नाही दिसली तर तिकिटावरचं डोकं बघा. व्हिक्टोरिया राणी असेल तर 1901 च्या आसपासचं किंवा आधीचं, दाढीवाला सातवा एडवर्ड म्हणजे साधारण पुढची दहा वर्षं, त्यानंतर पाचवा जॉर्ज, यालाही दाढी पण डोक्यावर मुकुट, आणि 1937 पासून बिनदाढीचा सहावा जॉर्ज. मग पाठ बघा. मध्ये उभी रेघ मारून डावीकडे मजकूर आणि उजवीकडे पत्ता अशी आजची जी सोय आहे ती सुरुवातीला नव्हतीच, पाठीवर फक्त पत्ता लिहायची परवानगी होती. ब्रिटनने ही सवलत 1902 ला दिली, अमेरिकेने 1907 ला. म्हणून त्याआधीच्या कार्डांवर लोकांनी चित्राच्या कडेने, आभाळात, समुद्रात, मिळेल त्या जागेत मुंग्यांएवढ्या अक्षरात लिहिलेलं सापडतं. तुमच्या कार्डावर तसं असेल तर ते डाग समजून पुसायला जाऊ नका.

देवदेवतांच्या कार्डांवर कडेला छापखान्याचं नाव शोधा. राजा रविवर्मांनी 1894 ला मुंबईत छापखाना काढला, नंतर तो लोणावळ्याजवळ मळवलीला गेला, आणि तिथून भिंतीवरच्या मोठ्या तसबिरींबरोबर पोस्टकार्डंही निघाली. मुंबईच्या रस्त्यावरची माणसं, बायका वगैरे रंगीत असतील तर सही तपासा, आपले कोल्हापूरचे, जे. जे. स्कूल ऑफ आर्टमधले एम. व्ही. धुरंधर यांनीही त्या काळात पोस्टकार्डांसाठी चित्रं काढलीत. सही सापडली तर मला जरूर कळवा, मी नागपूरला येतो, संत्र्याची बर्फी तुमच्याकडून.

आणि नुसती साधी, चित्र नसलेली सरकारी कार्डं असतील तर तीही टाकू नका. जगातलं पहिलं पोस्टकार्ड 1 ऑक्टोबर 1869 ला ऑस्ट्रिया-हंगेरीत निघालं ते असंच बिनचित्राचं होतं, आपल्याकडे 1 जुलै 1879 ला पाव आण्याला म्हणजे एका जुन्या पैशाला सुरू झालं. आजोबांनी त्यावर कांद्याचा भाव लिहिला असेल तर माझ्या मते तो सगळ्यात आधी वाचावा.

अशा जुन्या कार्डांना किती पैसे मिळतात? (नाव दिलेलं नाही)

बहुतेकांना फार नाही. पुढचा प्रश्न.

मी आठवीत आहे. आईने अकाउंट काढून दिलंय पण कार्डावर काय लिहायचं ते सुचतच नाही, माय नेम इज पुढे जातच नाही. (विद्यार्थी, फोंडा, गोवा)

अरे, तुझ्याकडे तर इतकं आहे! सगळ्यात आधी समोरच्याचं प्रोफाइल वाच, लोक तिथे लिहितात की मला मांजरं आवडतात, दीपस्तंभ आवडतात, तुमच्याकडची रेसिपी लिहा. त्यातली एक गोष्ट धर आणि तेवढंच लिही. भारत हा विविधतेने नटलेला देश आहे असं काही लिहू नकोस, ते शाळेच्या निबंधात ठीक. तुमच्याकडे चवथीला गणपतीच्या वर माटोळी बांधतात ना, तिच्यात काय काय टांगलं ते लिही, रानातलं कुठलं फळ आणायला कोण झाडावर चढलं ते लिही. पोलंडमधल्या माणसाने हे कधी ऐकलेलं नसतं. इंग्रजी साधं असलं तरी चालतं, पलीकडच्यालाही बऱ्याचदा तेवढंच येतं. शेवटी एक ओळ मराठीत किंवा कोंकणीत लिही, त्या लोकांना आपली अक्षरं बघायला फार आवडतं. आणि देशाचं नाव मात्र इंग्रजीत, मोठ्या अक्षरात, पत्त्याच्या सगळ्यात शेवटच्या ओळीत. गुळगुळीत कार्डावर जेल पेन फासतं, बॉलपेन वापर.

दोन महिने झाले, पाठवलेली दोन कार्डं पोचलीच नाहीत. पोस्टावर विश्वास ठेवायचा का? (दुकानदार, जळगाव)

ठेवायचा. साध्या कार्डाला ट्रॅकिंग नसतं त्यामुळे शोधाशोध करण्यात अर्थ नाही, पण साठ दिवस झाले की पोस्टक्रॉसिंगवाले ते कार्ड तुमच्या वाटेतल्या कार्डांच्या मर्यादेत धरत नाहीत, त्यामुळे नवीन पत्ता मागता येतो. आणि वर्षभराच्या आत समोरच्याला मिळालं तर तेव्हाही नोंद होते. बरीच उशिरा का होईना पोचतात, काही खरंच हरवतात. तो या छंदाचा खर्च समजा.

आमच्या गावात चित्रकार्डंच मिळत नाहीत, पोस्टात फक्त पन्नास पैशांचं पिवळं कार्ड. आणायची कुठून? (कॉलेज विद्यार्थिनी, माणगाव)

मुंबईला आलीस की म्युझियमच्या दुकानात बघ, फिलाटेलिक ब्युरोतही कधीकधी छान सेट असतात. पण मी म्हणेन घरीच बनव. परदेशी पाठवायचं तर किमान 9 बाय 14 सेंटीमीटर आणि जास्तीत जास्त 12 बाय साडेतेवीस, म्हणजे आपला चार बाय सहा इंची फोटो आरामात बसतो. एसटी स्टँड, आठवडी बाजार, भातलावणी, जे तुला रोज दिसतं ते मोबाइलवर काढ, रायगड किल्ल्याची कार्डं इतरांनाही मिळतात. देशातल्या देशात चित्रकार्ड पाठवताना दरावरून काउंटरवर कधीकधी वाद होतो, मी सरळ सहा रुपयांची तिकिटं लावतो आणि मोकळा होतो. परदेशी दर मात्र काउंटरवरच विचार, इंटरनेटवर जुने आकडे फिरत असतात. कागदासाठी लग्नपत्रिका छापणाऱ्याकडे जा, उरलेला 300 जीएसएमचा, म्हणजे चांगला जाड, कार्डशीट त्याच्याकडे पडलेला असतो, गोड बोललीस तर फुकट पण देईल. फक्त गुळगुळीत बाजू चित्राला आणि खरखरीत बाजू लिहायला ठेव, उलटं केलंस तर शाई वाळायच्या आत पोस्टमनच्या बोटाला लागेल.