पहिल्या महायुद्धात सैनिक नेणाऱ्या जहाजांच्या चित्रांत जहाजावर भडक पट्टे का असतात? त्यामुळे ते पाणबुडीला आणखी लवकर दिसत नसे का?

दिसायचं. लपवण्यासाठी ते पट्टे नव्हतेच.

टॉर्पेडो सोडताना जहाज आत्ता कुठे आहे ते बघून भागत नाही, टॉर्पेडो पोहोचेल तेव्हा ते कुठे असेल तिथे नेम धरावा लागतो. म्हणजे पेरिस्कोप पाण्याबाहेर असेल तेवढ्या क्षणांत जहाजाची दिशा, वेग आणि अंतर ओळखायचं. उलटसुलट तिरक्या पट्ट्यांमुळे नाळ, म्हणजे जहाजाचं पुढचं टोक, कुठली, जहाज जवळ येतंय की दूर चाललंय, हेच पटकन उमगत नाही.

ही युक्ती १९१७ मध्ये नॉर्मन विल्किन्सन यांनी सुचवली. ते ब्रिटिश नौदलात होते आणि मुळात सागरी चित्रकार. लंडनच्या रॉयल अकॅडमीत जहाजांच्या छोट्या प्रतिकृती रंगवून, फिरत्या टेबलावर ठेवून, पेरिस्कोपमधून तपासल्या जात. या कामात कितीतरी तरुण चित्रकर्त्या होत्या, त्यांची आठवण फार कमी निघते याचं मला वाईट वाटतं.

असं जहाज चित्रात पाहायचं तर आर्थर लिस्मर यांचं 'ऑलिंपिक'चं चित्र पाहा. कॅनडातल्या हॅलिफॅक्स बंदरात परतलेले सैनिक आणि निळ्या-काळ्या पट्ट्यांचं ते अवाढव्य जहाज. टायटॅनिकचंच हे भावंड. युद्धाआधी याच्या धूम्रपानगृहात विल्किन्सन यांचं चित्र लावलेलं होतं!

याच ऑलिंपिकची पाणबुडीशी गाठ पडली ती १२ मे १९१८ च्या पहाटे, इंग्लिश खाडीत. अमेरिकन सैनिक फ्रान्सला नेत असताना समोर पाण्यावर जर्मन यू-१०३ दिसली. तोफा सुरू झाल्या आणि कप्तान बर्ट्रम हेज यांनी जहाज थेट तिच्या अंगावर घातलं. तिने बुडी मारली, पण पुरेशी खोल जाण्याआधीच २६९ मीटर लांबीचं धूड येऊन आदळलं. अशा प्रसंगाचं चित्र काढताना नाळेखाली चिरडलेली पाणबुडी दाखवायचा मोह कुणालाही होईल. खरा घाव मात्र डाव्या प्रोपेलरचा होता, त्याच्या पात्यांनी तिचं कवच फाडलं. ती कशीबशी वर आली आणि खलाशांनी तिला सोडून दिलं. ऑलिंपिक थांबलं नाही. एवढे सैनिक घेऊन अशा पाण्यात थांबणं म्हणजे दुसऱ्या पाणबुडीला आयतं सावज देणं. वाचलेल्या ३१ जणांना नंतर अमेरिकन विनाशिका 'डेव्हिस'ने उचललं.

त्या पहाटे पट्ट्यांपेक्षा वेग आणि कप्तानाचा निर्णय कामी आला, असं मला वाटतं. पट्ट्यांमुळे जहाजं वाचतात याचा ठोस पुरावा ब्रिटिश नौदलाच्या समितीलाही मिळाला नव्हता. पण खलाशांना त्यांचा धीर वाटायचा, म्हणून ते चालू ठेवले गेले.