हॉटस्पॉटवर गिट क्लोन निम्म्यात तुटतो, टाइमआउट कुठे वाढवायचा?

नागपूरजवळच्या वानाडोंगरीच्या हॉस्टेलवरून मोबाइलच्या हॉटस्पॉटवर मोठा रेपो (प्रोजेक्टचा कोड आणि त्याचा सगळा इतिहास) गिटने क्लोन करून, म्हणजे अख्खा उतरवून घेताय, मध्येच ‘अर्ली ईओएफ’ (डेटा अर्ध्यातच संपला) अशी एरर येते, पोस्ट बफर वाढवूनही फरक नाही, असं तुम्ही लिहिलंय.

भाऊ, वाढवायला टाइमआउट आहेच कुठे? एचटीटीपीसाठी गिटमध्ये लो-स्पीड-लिमिट आणि लो-स्पीड-टाइम अशी सेटिंग्ज (वेग फार वेळ कमी राहिला की लाइन सोडणारी) आहेत खरी, पण ती मुळात बंदच असतात. म्हणजे तुमची लाइन बहुधा गिट तोडत नाही, मधलं नेटवर्क किंवा सर्व्हर तोडतो. पोस्ट बफर तर आपण सर्व्हरकडे पाठवतो त्या डेटासाठी असतो, क्लोनला त्याचा काय उपयोग! जो तो हाच सल्ला देऊन राहिला, म्हणून चाललंय. ती ओळ कॉन्फिगमधून काढून टाका.

खरी अडचण अशी की क्लोन तुटला की पुन्हा पहिल्यापासून. ९० टक्क्यांवर तुटला तरी आलेलं सगळं गिट पुसून टाकतं. (गिटसारखंच काम करणारं जुनं एसव्हीएन इथे बरं: क्लीनअप करून अपडेट दिलं की उरलेलंच येतं.) म्हणून घास लहान घ्या. आधी डेप्थ १ देऊन, म्हणजे फक्त शेवटचा कमिट (बदलाची नोंद) मागून क्लोन करा. तो आला की फेचला (सर्व्हरवरून उरलेलं आणणारी कमांड) डीपन १०० देत, दर वेळी आणखी १०० कमिट, इतिहास मागे मागे ओढत न्या. एखादा फेच तुटला तर तेवढाच वाया जातो, आधीचं शाबूत राहतं. एक खोच आहे: डेप्थ दिली की एकच ब्रँच (कोडची एक शाखा) येते. बाकीच्या हव्या असतील तर रिमोट सेट-ब्रँचेसला ओरिजिन आणि अवतरणात तारांकन देऊन पुन्हा फेच करा.

डेप्थ १ सुद्धा पार होत नसेल तर फिल्टर ब्लॉब-नन (फाइलींचा मजकूर आत्ता नको) आणि स्पार्स (सगळे फोल्डर नकोत) लावून क्लोन करा, मग स्पार्स-चेकआउटने एकेक फोल्डर मागवा. यात जुन्या फाइली लागतील तशा येतात, त्यामुळे नेट नसताना ब्लेम (कोणती ओळ कोणी बदलली ते दाखवणारी कमांड) चालवलं की अडतं.

लो-स्पीडची सेटिंग्ज मात्र उलट कामाला येतात. संध्याकाळी अख्खं हॉस्टेल मॅच पाहत असलं की गिट मरतही नाही, हलतही नाही. लिमिट १००० आणि टाइम ६० ठेवा. मिनिटभर वेग सेकंदाला १००० बाइटच्या खाली राहिला तर ते स्वतःच थांबेल आणि तुम्हाला पुन्हा फेच मारता येईल.

नागपुरात धरमपेठेत वगैरे फायबरवाला मित्र असेल तर त्याच्याकडून गिट बंडल (अख्खा रेपो एकाच फाइलमध्ये) करून पेनड्राइव्हवर आणा. त्या फाइलवरून क्लोन करा, रिमोटचा पत्ता खऱ्या सर्व्हरचा द्या आणि फेच करा, फक्त नवीन भर येईल. मला विचाराल तर मी हेच आधी करीन.

एचटीटीपीऐवजी एसएसएच (सर्व्हरशी सुरक्षित जोडणीची दुसरी पद्धत) वापरत असाल तर त्याच्या कॉन्फिगमध्ये सर्व्हर-अलाइव्ह-इंटरव्हल ३० टाका. सर्व्हर डेटा बांधत असताना लाइन गप्प राहते आणि मोबाइल नेटवर्क ती मेली समजून कापतं, ते यानं टळतं. कॉलेजच्या वायफायवर कनेक्शनच लागत नसेल तर एसएसएचचं नेहमीचं पोर्ट २२ बंद असेल, गिटहब ४४३ वरूनही एसएसएच देतं.