बी.एस्सी.नंतर रेडिओग्राफी: वाचकांचे प्रश्न, तज्ज्ञांची उत्तरे

रेडिओग्राफीबद्दल आलेली बहुतेक पत्रे बी.एस्सी. करणाऱ्या मुलामुलींची किंवा त्यांच्या पालकांची आहेत. सारखे प्रश्न एकत्र करून त्यांतले पाच इथे घेतले आहेत.

प्रश्न: मी टी.वाय.बी.एस्सी.ला आहे, विषय फिजिक्स. बारावीला बायोलॉजी नव्हते. सीटी स्कॅन, एमआरआयच्या क्षेत्रात जायचे आहे. पुन्हा पहिल्या वर्षापासून सुरुवात करावी लागेल का? (कराड)

तुम्हाला यंत्रावर रुग्णासोबत काम करायचे आहे की यंत्र आणि किरणांच्या मात्रेवर, हे आधी ठरवा. दोन्हींच्या वाटा पूर्ण वेगळ्या आहेत.

रुग्णाला टेबलावर घेणे, पोझिशन देणे, स्कॅन करणे हे टेक्नॉलॉजिस्टचे काम. त्याची सरळ वाट बारावीनंतरच्या पदवीची. आपल्याकडे नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाचा बी.पी.एम.टी. (परावैद्यक तंत्रज्ञानाची पदवी) किंवा इतर विद्यापीठांचा बी.एस्सी. मेडिकल इमेजिंग टेक्नॉलॉजी हे कोर्स आहेत. तीन वर्षे अभ्यास आणि वर इंटर्नशिप. इथे प्रवेश बारावीच्या गुणांवर मिळतो आणि बहुतेक ठिकाणी बायोलॉजी लागतेच, त्यामुळे पीसीएमची मुले अर्जाच्या पहिल्याच पानावर अडकतात. साध्या बी.एस्सी.चे श्रेय धरून थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळेल, असे गृहीत धरू नका. 'एम.एस्सी. मेडिकल इमेजिंग करून टाकतो' हाही गैरसमज मोठा आहे. हे एम.एस्सी. बहुतांशी त्याच विषयाची पदवी असलेल्यांना घेते. फिजिक्सची पदवी तिथे पुरत नाही. पदवीनंतर यायचे तर पूर्ण दोन वर्षांचा, रुग्णालयाला जोडलेला डिप्लोमा शोधावा. मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात फ्यूजन इमेजिंग टेक्नॉलॉजीचा, म्हणजे दोन प्रकारचे स्कॅन एकत्र जुळवण्याच्या तंत्राचा, पदव्युत्तर डिप्लोमा चालतो. त्याची पात्रता त्या वर्षीच्या माहितीपत्रकात नीट वाचा.

तरी आमचे मत असे, की फिजिक्स आवडत असेल तर तुमची खरी वाट मेडिकल फिजिक्सची आहे. कॅन्सरच्या रुग्णाला रेडिओथेरपीत किती मात्रा, कोणत्या कोनातून, किती भागांत द्यायची याचे गणित मांडणारा आणि लिनिअर ॲक्सिलरेटरची, म्हणजे ते किरण देणाऱ्या यंत्राची, मात्रा बरोबर आहे ना हे तपासणारा माणूस म्हणजे मेडिकल फिजिसिस्ट. फिजिक्समध्ये एम.एस्सी., मग अणुशक्तीनगरला भाभा अणुसंशोधन केंद्राचा एक वर्षाचा डिप्लोमा इन रेडिऑलॉजिकल फिजिक्स, आणि नंतर रेडिओथेरपी विभागात एक वर्षाची इंटर्नशिप. म्हणजे टी.वाय.नंतर चार वर्षे. थेट एम.एस्सी. मेडिकल फिजिक्स करणाऱ्या संस्थाही आहेत, पण ती पदवी अणुऊर्जा नियामक मंडळाला, म्हणजे एईआरबीला, मान्य आहे ना ते मंडळाच्या वेबसाइटवर बघूनच फी भरा. या कामाला बारावीचे बायोलॉजी आडवे येत नाही. शरीररचना शिकावी लागते, ती कोर्समध्येच शिकवतात.

केमिस्ट्री किंवा लाइफ सायन्सवाल्यांनी न्यूक्लिअर मेडिसिनकडे जरूर बघावे. परळचे रेडिएशन मेडिसिन सेंटर आणि टाटा मेमोरियल ही त्याची जुनी घरे. इथे किरणोत्सारी औषध रुग्णाच्या शरीरात सोडून गॅमा कॅमेरा किंवा पेट स्कॅनरने प्रतिमा घेतात. या औषधांतल्या टेक्नेशियम-99एमचे अर्धायुष्य 6 तास, फ्लोरिन-18चे 110 मिनिटे. रुग्ण दोन तास उशिरा आला तर त्याच्यासाठी मोजून ठेवलेला फ्लोरिनचा डोस निम्म्याहून कमी उरतो. बी.एस्सी.ला शिकलेले क्षयाचे सूत्र इथे रोज वापरायचे असते.

प्रश्न: तालुक्याच्या गावी एक संस्था एक वर्षाचा 'एक्स-रे आणि सोनोग्राफी टेक्निशियन' डिप्लोमा देते. नोकरीची हमी आहे म्हणतात. एस.वाय.बी.एस्सी. सोडून तो करावा का? (जालना)

नाही. कारणे सांगतो.

पहिले सोनोग्राफीचे. पीसीपीएनडीटी, म्हणजे गर्भलिंगनिदानाला बंदी घालणाऱ्या, कायद्याखाली आपल्याकडे सोनोग्राफी ठरावीक पात्रतेच्या डॉक्टरनेच करायची असते. टेक्निशियन मदत करू शकतो, प्रोब हातात घेऊन तपासणी करू शकत नाही. महाराष्ट्रात या कायद्याची तपासणी कडक होते. गर्भवतीच्या तपासणीची नोंद ठेवायच्या फॉर्म एफमधल्या चुकांवरूनही यंत्रे सील झाली आहेत. जी संस्था 'सोनोग्राफी टेक्निशियन' बनवून देते म्हणते, ती तुम्हाला भारतात करता न येणाऱ्या कामाचे प्रमाणपत्र विकते आहे.

दुसरे मुदतीचे. परावैद्यक व्यवसायांसाठी 2021 मध्ये केंद्राचा कायदा आला. त्याच्या व्याख्येत सहयोगी आरोग्य व्यावसायिकाच्या पात्रतेला किमान 2000 तासांचे, दोन ते चार वर्षांत विभागलेले शिक्षण लागते. पदवी लागणाऱ्या वरच्या गटाला किमान 3600 तास. एक वर्षाचा कोर्स यात बसत नाही. रेल्वे भरती मंडळाच्या जाहिरातीतही रेडिओग्राफरला बारावी फिजिक्स-केमिस्ट्रीसह दोन वर्षांचा डिप्लोमा मागतात आणि विज्ञान पदवीधराला पसंती देतात. पद लेव्हल 5चे, सातव्या वेतन आयोगाप्रमाणे मूळ वेतन 29,200. एक वर्षाच्या डिप्लोम्यावर तो अर्ज भरताच येत नाही. जिल्हा रुग्णालयांतल्या 'क्ष-किरण वैज्ञानिक अधिकारी' पदाची मागची जाहिरात काढा आणि तिच्यातली शैक्षणिक अट वहीत उतरवून घ्या. कोर्स त्या अटीवरून निवडायचा असतो. मुले कोर्स करून मग जाहिरात वाचतात आणि तिथे फसतात.

कोणत्याही संस्थेत फी भरण्यापूर्वी हे विचारा: परीक्षा कोणते विद्यापीठ किंवा मंडळ घेते? राज्याच्या परावैद्यक परिषदेत या प्रमाणपत्रावर नोंदणी होते का? मागच्या बॅचमधल्या एखाद्याचा नोंदणी क्रमांक दाखवायला सांगा. प्रात्यक्षिक कोणत्या रुग्णालयात, आठवड्याला किती तास? मग त्या रुग्णालयात स्वतः जा आणि विभागात विचारा, 'अमुक संस्थेची मुले इथे येतात का?' कागदावर सीटी, एमआरआय असते आणि प्रत्यक्षात गल्लीतल्या एका क्लिनिकमधले जुने एक्स-रे यंत्र असते, असे बरेचदा दिसते. आखाती देशांत जायचा विचार असेल तर तिथली पडताळणी संस्था तुमचे प्रमाणपत्र खरे का हे थेट संस्थेलाच विचारते. संस्था बंद पडली असेल किंवा उत्तरच देत नसेल तर तुमचा अर्ज तिथेच थांबतो.

एस.वाय.पर्यंत आला आहात, टी.वाय. पूर्ण करा.

प्रश्न: मुलीला रेडिओग्राफीला प्रवेश मिळतो आहे. रोज किरणांत काम करायचे, पुढे तिचे लग्न, बाळंतपण. नातेवाईक नको म्हणतात. (एक आई, नगर)

ताई, तुमची काळजी समजते, म्हणून आकड्यांतच उत्तर देतो. एईआरबीची मर्यादा वर्षाला सरासरी 20 मिलिसीव्हर्ट (शरीराला लागलेली मात्रा मोजायचे एकक), पाच वर्षांची सरासरी धरून, आणि कोणत्याही एका वर्षात 30च्या वर नाही. साध्या एक्स-रे खोलीत शिसे असलेल्या आडोशामागे उभे राहून काम करणाऱ्याला याचा लहानसा अंश मिळतो. एमआरआयमध्ये तर आयनकारी किरणे नसतातच. तिथला धोका चुंबकाचा: स्कॅन चालू नसला तरी चुंबक चालूच असतो आणि लोखंडी सिलिंडर खेचून घेतो. 2018 मध्ये मुंबईत अशाच अपघातात एका नातेवाइकाचा जीव गेला.

मात्रा वाढते ती तीन ठिकाणी. कॅथलॅबमध्ये (हृदयाच्या अँजिओग्राफीच्या खोलीत), वॉर्डातल्या पोर्टेबल एक्स-रेला आणि रुग्णाला धरून ठेवताना. पोर्टेबलला एक्स्पोजरची वायर पूर्ण ताणून किमान दोन मीटर मागे व्हायचे. अंतर दुप्पट केले की मात्रा एक चतुर्थांश होते. रडणाऱ्या बाळाला धरायला नातेवाइकाला लीड ॲप्रन घालून उभे करायचे, पण ती व्यक्ती गर्भवती नको. हे काम रेडिओग्राफरने रोज स्वतःच्या अंगावर घ्यायचे नसते.

छातीवर, ॲप्रनच्या आत, अंगाला लागलेल्या किरणांची नोंद ठेवणारा टीएलडी बॅज असतो. त्यात तीन चकत्या: एक धातूच्या फिल्टरखाली, एक प्लॅस्टिकखाली, एक उघडी. तिन्हींच्या नोंदींतून कोणत्या प्रकारचे किरण किती लागले ते कळते. कार्ड होल्डरमध्ये उलटे बसले तर हिशोब चुकतो. बॅज लावलेला ॲप्रन एक्स-रे खोलीतच टांगून ठेवला तर कोणालाही न लागलेली मात्रा मुलीच्या नावावर चढते आणि चौकशी लागते. बॅज दर तीन महिन्यांनी तपासायला जातो. मुलीला तो अहवाल दर वेळी मागून बघायची सवय लावा. नोकरीच्या मुलाखतीत 'बॅज देता का' हे विचारायला तिने अजिबात संकोच करू नये. बॅज न देणाऱ्या ठिकाणी नोकरी घेऊ नये, पगार कितीही असो.

दिवस राहिल्याचे कळताच तिने विभागाला लेखी कळवायचे. त्यापुढे गर्भाला उरलेल्या काळात 1 मिलिसीव्हर्टपेक्षा जास्त लागू नये अशी मर्यादा आहे, आणि कॅथलॅब, पोर्टेबलवरून बदलून तिला दुसरे काम द्यायची जबाबदारी रुग्णालयाची. नोकरी सोडायची गरज नाही.

प्रश्न: पहिल्या पोस्टिंगला जाते आहे. सीनियर काय बघतात? (नागपूर)

छातीचा पीए एक्स-रे, म्हणजे किरण पाठीकडून छातीकडे जाऊन निघणारा, बघतात. सर्वांत जास्त होणारी तपासणी आणि सर्वांत जास्त चुका इथेच.

रुग्णाचे नाव स्वतः उच्चारू नका, त्याला सांगायला लावा. 'तुम्ही सुनीता ना?' म्हटले की घाबरलेला माणूस हो म्हणतो. बाळंतपणाच्या वयातल्या बाईला पाळीची तारीख विचारा, नातेवाइकांसमोर नव्हे. मंगळसूत्र, तावीज, बटणे, हुक काढायला सांगा. वेणी खांद्यावर पुढे आली असेल तर वर बांधा. जाड, ओल्या वेणीची सावली फुप्फुसाच्या टोकावर पडते, नेमकी जिथे डॉक्टर टीबी शोधतात तिथे, आणि त्या बाईची विनाकारण पुढची तपासणी होते.

किरण सोडणारी ट्यूब ते प्रतिमा टिपणारा डिटेक्टर 180 सेंटिमीटर. हनुवटी वर, हाताचे पंजे कमरेवर, कोपर पुढे ढकललेले, म्हणजे खांद्याची पाती फुप्फुसावरून बाजूला सरकतात. छाती डिटेक्टरला टेकलेली. हृदय पुढच्या बाजूला असते, ते जवळ राहिले की मोठे दिसत नाही. ट्यूबचा व्होल्टेज साधारण 110 ते 120 केव्हीपी, वेळ शक्य तितका कमी. 'श्वास घ्या' एवढे पुरत नाही. एकदा घ्यायला लावा, सोडायला लावा, दुसऱ्यांदा पूर्ण भरला की 'धरा' म्हणा आणि छाती उचलली का ते डोळ्यांनी बघा. प्रतिमेत मागच्या दहा बरगड्या डायफ्रामच्या वर मोजता आल्या पाहिजेत. गळपट्टीच्या हाडांची आतली टोके मणक्यापासून सारख्या अंतरावर नसतील तर रुग्ण फिरला आहे. आर-एलचा (उजवी-डावी दाखवणारा) मार्कर एक्स्पोजरच्या आधीच लावा. नंतर संगणकावर टाकायच्या मार्करवर विसंबलात तर उजव्या बाजूला हृदय असलेला रुग्ण एक दिवस तुम्हाला चुकवेल.

डिजिटलची एक सवय सुरुवातीलाच मोडा. जास्त एक्स्पोजर दिले तरी संगणक प्रतिमा सुंदर करून देतो, कमी दिले तर दाणे दिसतात, म्हणून हात आपोआप जास्तीकडे झुकतो. नुकसान रुग्णाचे होते आणि प्रतिमेत ते दिसत नाही. प्रत्येक प्रतिमेखाली डिटेक्टरला किती किरण मिळाले ते सांगणारा आकडा, एक्स्पोजर इंडेक्स, येतो, तो वाचा आणि कंपनीने दिलेल्या पट्ट्यात आहे का बघा. काम संपल्यावर ॲप्रन घडी घालून टाकू नका, टांगा. घडीवर आतला थर तडकतो आणि ती चीर बाहेरून कळत नाही.

प्रश्न: चाकणच्या एका कंपनीची 'रेडिओग्राफर, बी.एस्सी. फिजिक्स चालेल' अशी जाहिरात पाहिली. अर्ज करू का? (राजगुरुनगर)

ही औद्योगिक रेडिओग्राफी आहे. वेल्डिंगचे जोड, प्रेशर व्हेसल, पाइपलाइन यांचे फोटो काढायचे. नाव एकच असले तरी हा अनुभव रुग्णालयात चालत नाही आणि रुग्णालयाचा इथे चालत नाही. रेडिओग्राफी टेस्टिंगचे लेव्हल 1 आणि मग लेव्हल 2 असे मान्य प्रशिक्षण लागते. ते नसताना किरणोत्सारी स्रोत हाताळायला लावणाऱ्या कंपनीला सरळ नकार द्या.

सहसा इरिडियम-192चा स्रोत असतो. अर्धायुष्य 74 दिवस, म्हणजे अडीच महिन्यांनी त्याच जोडाला दुप्पट वेळ द्यावा लागतो. काम बरेचदा रात्री, बाकीचे लोक घरी गेल्यावर. क्रँक फिरवून स्रोत कॅमेऱ्याबाहेर (स्रोत ठेवायच्या संरक्षक पेटीला इथे कॅमेरा म्हणतात) नळीत काढायचा, एक्स्पोजर झाले की परत आत घ्यायचा. जगभरातले गंभीर अपघात इथेच घडले आहेत: स्रोत आत आला असे समजून माणूस मीटर न घेता जवळ गेला आणि स्रोत नळीतच अडकलेला होता. दर एक्स्पोजरनंतर किरण मोजणारा सर्व्हे मीटर हातात घेऊन कॅमेऱ्याकडे जायचे, कॅमेरा आणि पूर्ण नळी तपासायची, शंभराव्या जोडालाही. मुलाखतीला गेलात तर मीटर किती आहेत आणि त्यांचे कॅलिब्रेशन शेवटचे कधी झाले ते विचारा, आणि रेडिएशन सेफ्टी ऑफिसर कोण ते नावानिशी विचारा.