कार्निव्हलच्या दिवसांत मित्रांबरोबर त्रिनिदादच्या राजधानीत, पोर्ट ऑफ स्पेनला जावं का?

जरूर जा, पण फक्त मुख्य सोमवार-मंगळवार धरून जाऊ नका. माझ्या मते त्रिनिदादच्या कार्निव्हलचा जीव त्याआधीच्या संध्याकाळी पॅनयार्डांत, म्हणजे वाद्यपथकांच्या सरावाच्या अंगणांत असतो. तेलाच्या पिंपांतून घडलेल्या स्टीलपॅनवर शंभरेक वादक एकत्र सराव करतात; जवळ उभं राहिलं की ठोका छातीत घुमतो. शनिवारी क्वीन्स पार्क सव्हाना या मैदानावर त्यांची अंतिम स्पर्धा, पॅनोरमा. सोमवारी पहाटे जूव्हे या मिरवणुकीत अंगभर चिखल-रंग फासून नाचतात, तेव्हा जुनेच कपडे घाला. भूक लागली की डबल्स: दोन मऊ, पुरीसारख्या तळलेल्या बाऱ्यांमध्ये रसरशीत छोले. १८४५ पासून तिथे गेलेल्या भारतीय मजुरांच्या वंशजांचं हे खाणं आज साऱ्या बेटाचं आहे. खोली मात्र कित्येक महिने आधी ठरवा, आणि गर्दीत चुकामूक होतेच, म्हणून भेटायची जागाही.